गुडघ्यातल्या आठ पुड्या

सीमा ओलांडली की कंपाउंडरांना तीन गोष्टी मिळणार होत्या, आणि तिन्ही त्यांनी निघण्याआधीच मनातल्या मनात खिशात टाकल्या होत्या. पहिली, लेकीच्या घरातली तळमजल्यावरची खोली. रोज तीन जिने चढून त्यांच्या गुडघ्यांनी कधीचा राजीनामा दिला होता. दुसरी, खालच्या मजल्यावरच्या बाईपासून सुटका. कुत्र्यांची नखं फरशीवर वाजली की ती झाडूच्या दांड्याने आपलं छत, म्हणजे यांची जमीन, ठोकायची. तिसरी, नातवंड. लेकीला नववा लागला होता.

बायकोला मिळायची होती एकच गोष्ट, बाळंतपणात लेकीच्या उशाशी बसणं. खरं तर निरोप तिलाच होता. "आई, तू ये," लेक फोनवर म्हणाली होती, आणि जरा थांबून, "बाबांनाही घेऊन ये." ते जरा थांबणं कंपाउंडरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फायद्याच्या वेळी त्यांना थोडं कमी ऐकू यायचं.

एका डॉक्टरच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी औषधाच्या पुड्या बांधल्या होत्या. निवृत्त झाले तरी हात थांबेनात. घरात वेलदोडे पुडीत, बटणं पुडीत, घड्याळाचे जुने सेल पुडीत, आणि प्रत्येक पुडीवर शाईने तारीख. बायको नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क होती. वाचल्याशिवाय सही नाही, आणि सही केली की माघार नाही, हा तिचा खाक्या. वरचे अधिकारी येत-जात राहिले. तिच्या सहीच्या कागदावर कोर्टातसुद्धा कुणी बोट ठेवलं नाही. म्हणून कंपाउंडर तिला घरात 'साहेब' म्हणत. चेष्टेत म्हणत, पण घाबरतही.

कुत्री दोन. हावऱ्या अंगापिंडाने वासराएवढा, चप्पल आणि चपाती यांत फरक न करणारा. आणि म्हातारी, चार किलोची, पांढऱ्या भुवयांची, मूत्राशयात खडे होणारी. तिला एकाच प्रकारचं खाणं चालायचं, तेही मोजून, सकाळी तीस ग्रॅम, संध्याकाळी तीस ग्रॅम. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांनी लाडाने दोन दिवस तिला दुसरंच काही भरवलं. तिसऱ्या दिवशी तिची लघवी बंद झाली. ती ज्या आवाजात ओरडली तो कुत्र्याचा नव्हताच. कंपाउंडर तिला छातीशी धरून टॅक्सीत बसले होते आणि ओरडणं थांबलं तेव्हा त्यांना जास्त भीती वाटली होती. ती वाचली. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा अडलं तर मला आणून दाखवू नका, उपयोग नाही."

तेव्हापासून म्हातारीच्या जेवणाच्याही पुड्या होऊ लागल्या. काट्यावर तोलायचं, कागद दुमडायचा, वर लिहायचं, 'सकाळ' किंवा 'संध्या'. पुडी सोडताना कागद कुरकुरला की दोन्ही कुत्री समोर येऊन बसायची, उजवा पाय वर धरून. ही शिस्त कंपाउंडरांनीच लावलेली.

लेकीने तीनदा बजावलं होतं, "बाबा, कुत्र्यांचं खाणं कंपनीच्या बंद पिशवीत आणा. पिशवी फोडू नका." कंपाउंडरांनी हे हावऱ्याच्या पिशवीला तंतोतंत लागू केलं. म्हातारीची गोष्ट वेगळी, ते औषध. आणि औषध कुणी पिशवीत ठेवतं का? निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती पिशवी फोडली, तीन आठवड्यांच्या बेचाळीस पुड्या बांधल्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ओळीने लावल्या आणि रिकामी पिशवी कचऱ्यात टाकली. इतकं नीटनेटकं काम आपण कितीतरी दिवसांत केलं नाही, असंही त्यांना वाटलं.

सीमेवर पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पुढे चाळीसेक गाड्या. गाडी बायको चालवत होती. कंपाउंडरांना क्लच दाबवत नसे. रांगेच्या कडेला एक भलामोठा फलक होता. लोक फलकाकडे बघतात. बायको तो वाचू लागली, वरच्या ओळीपासून.

"अहो," ती म्हणाली. "म्हातारीच्या खाण्याची पिशवी कुठाय?"

"डब्यात आहे ना सगळं."

"खाणं नाही विचारलं. पिशवी. छापील."

"ती होय. ती... घरी."

"घरी कुठे?"

"कचऱ्यात."

बायकोने स्टिअरिंगवरचे हात काढले. "सातवी ओळ वाचा. प्राण्यांचं खाद्य मूळ, न उघडलेल्या, छापील पिशवीत नसेल तर जप्त. मांसाचा अंश असलेलं सुटं खाद्य, जप्त. आठवी वाचा. खोटी माहिती दिल्यास प्राण्यांचा परवाना रद्द."

"सुटं कुठाय? पुडीत आहे."

"तुम्ही पुड्या बांधल्यात म्हणून सरकार तुम्हाला कंपनी म्हणेल?"

रांग दोन गाड्यांनी सरकली. मागे म्हातारी कंपाउंडरांच्या स्वेटरवर झोपली होती. हावऱ्या काचेला नाक लावून पलीकडच्या पत्र्याच्या लांबलचक शेडकडे बघत होता. त्या शेडमधून कुत्र्यांचं रडणं येत होतं, एकाचं संपलं की दुसऱ्याचं. कंपाउंडरांनी काच वर केली. आवाज कमी झाला, थांबला नाही.

"सगळं आपणहून देऊन टाकायचं," बायको म्हणाली. "लेकीने तिकडे मागवलंय, चार दिवसांत येईल. तोवर डॉक्टरांना फोन करून विचारू, काय उकडून घालता येईल ते."

"चार दिवस? तिसऱ्याच दिवशी काय झालं होतं, विसरलीस?"

"विसरले नाही. म्हणूनच फोन करू म्हणते. घाबरू नका हो, माणसं आहेत तिथेही."

माणसं आहेत, याचीच तर कंपाउंडरांना भीती होती. त्यांच्या डोक्यात हिशेब चालू होता. चार दिवस म्हणजे आठ वेळा. आठ पुड्या. बेचाळीसमधल्या चौतीस दिल्या तर कुणाला काय कळणार आहे?

बायको कुत्र्यांना घेऊन पाय मोकळे करायला खाली उतरली. तेवढ्यात, म्हणजे सहा-सात मिनिटांत, कंपाउंडरांनी आयुष्यातली पहिली चोरी केली, तीही स्वतःच्याच डब्यातली. विजार वर केली. दोन्ही गुडघ्यांवर लवचिक पट्टे होते, जाड, घट्ट. डाव्यात चार पुड्या सरकवल्या, सकाळच्या. उजव्यात चार, संध्याकाळच्या. चोरीतसुद्धा त्यांना वेळापत्रक लागत होतं.

बायकोला सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तिने पहिल्या खिडकीवरच जाहीर केलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पलीकडे गेल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. तिकडे ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हातारीला ठणठणीत बघून हसेल. नवरे स्वतःला अशी पुढच्या तारखेची माफी आधीच देऊन ठेवतात.

तपासणीच्या खोलीत स्टीलचं लांब टेबल होतं, वर पांढरा दिवा. भिंतीला चार पिंजरे, त्यातला एक ओला, नुकताच धुतलेला. तपासनीस चाळिशीची बाई होती. बोलणं हळू, नखं कापलेली, बुटांवर कुत्र्याचे दोन-तीन केस. आवाज चढवणाऱ्या माणसाला कंपाउंडर हाताळू शकत. दवाखान्यात तेच केलं होतं. हळू बोलणाऱ्या माणसापुढे त्यांचे हात गार पडत.

तिने हावऱ्याची पिशवी उचलली, चारही कडा दाबून पाहिल्या, शिक्का मारला. "ही जाऊ द्या." मग पत्र्याचा डबा उघडला. चौतीस पुड्या. ती पुड्यांकडे बघत राहिली.

"हे काय आहे?"

"कुत्रीचं जेवण," बायको म्हणाली. "आम्ही स्वतःच सांगतोय. पिशवी फोडली, ती आमची चूक. यांना पुड्या बांधायची सवय आहे."

"जेवणाच्या पुड्या?"

"आमच्याकडे खिळ्यांच्यासुद्धा असतात."

तपासनीस हसली नाही. तिने एक पुडी सोडली, दाणे नाकाशी नेले, दिव्याखाली धरले. मग दारातल्या शिपायाला हाक मारली आणि त्याच्या कानात काही सांगितलं. शिपाई पुडी घेऊन आत गेला आणि जाताना दाराला कडी घालून गेला.

"कडी कशाला?" कंपाउंडरांनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही.

"पद्धत आहे. कागदात बांधलेलं काहीही आलं की बघावं लागतं. बसा."

बसायचं म्हणजे गुडघे मोडायचे. कंपाउंडर अगदी सावकाश, कमोडवर बसल्यासारखे, खुर्चीत उतरले. तरी उजव्या गुडघ्यात कुर्र झालं. त्यांनी खोकून ते झाकलं.

"गुडघे का?" तपासनीसने विचारलं.

"जुने आहेत."

"तीन जिने आहेत आमच्याकडे," बायकोने भर घातली. "रात्रंदिवस वाजतात यांचे गुडघे. मला तर सवयीने त्यांचा आवाज येईनासा झालाय."

अर्धा तास गेला. भिंतीपलीकडून शेडमधलं रडणं इथे जास्त स्पष्ट येत होतं. कंपाउंडरांनी शेवटी विचारलंच, "ती कुत्री... तिथे कशासाठी?"

"ज्यांचे कागद फसले ती. तीस दिवस ठेवतो."

"खायला?"

"इथलं. सगळ्यांना एकच."

कंपाउंडरांनी म्हातारीकडे पाहिलं. ती बायकोच्या मांडीवर डोळे मिटून होती, जिभेचं टोक बाहेर. त्यांच्या गुडघ्यांना घाम फुटला. कागद ओला झाला तर फाटेल, फाटला तर दाणे विजारीतून खाली येतील. ते मनातल्या मनात एकेक दाणा बुटावर टपकताना बघू लागले. तपासनीस काही लिहीत होती. तिच्या पेनचा प्रत्येक थांबा त्यांना आपल्यासाठीच वाटत होता. आता सांगून टाकावं, असं तीनदा जिभेवर आलं. तिन्ही वेळा शेडमधून आवाज आला आणि जीभ मागे गेली.

शिपाई परत आला. खाद्यच होतं. कडी निघाली.

"ठीक आहे," तपासनीस म्हणाली. "हे जप्त होईल. तुम्ही आपणहून दाखवलंत, त्यामुळे बाकी काही नाही. कुत्री घेऊन जाऊ शकता. परवाना कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," बायको म्हणाली.

"मग इथे सही."

बायकोने चष्मा लावला. ती वाचू लागली, ओठ हलवत, आणि शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली, सवयीने, जशी ती पक्षकारांना वाचून दाखवायची. "जप्त केलेल्या मालाखेरीज माझ्याकडे, माझ्या सोबतच्या व्यक्तींकडे अथवा सामानात प्राण्यांचं कोणतंही सुटं खाद्य नाही." तिने चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "नाही ना हो?"

साधा प्रश्न होता. भाजीत मीठ घातलंय ना, इतका साधा.

त्या क्षणी 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर आठ पुड्या गेल्या असत्या, थोडी शोभा झाली असती, आणि तेवढ्यावर मिटलं असतं. कंपाउंडरांना तो टॅक्सीतला आवाज ऐकू आला. मग तो थांबल्यावरची शांतता. त्यांनी मान हलवली.

"नाही."

बायकोने सही केली. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं, नोकरीच्या एकतीस वर्षांत न बदललेली.

"चला," ती उठली. कंपाउंडरही उठले. आता घाईने उठणं आलं, कारण सगळे उठले होते. दोन्ही गुडघे सरळ झाले आणि दोन्ही पट्ट्यांमध्ये ओलसर कागद कुरकुरला.

हावऱ्या दाराकडे निघाला होता. तो वळला, कंपाउंडरांच्या पुढ्यात आला, ढुंगण टेकून बसला आणि उजवा पाय वर धरला. म्हातारीने डोळे उघडले, बायकोच्या हातातून धडपडत खाली उतरली आणि त्याच्याशेजारी बसली. तिनेही पाय वर धरला. दोघं गुडघ्यांकडे बघत होती. हावऱ्याच्या तोंडातून लाळेची तार फरशीवर उतरली.

"चल, चल रे," कंपाउंडर म्हणाले. "वेडा आहे."

"थांबा," तपासनीस म्हणाली, तितक्याच हळू. "माझ्या घरीही दोन आहेत. अशी ती एकाच कारणासाठी बसतात."

बायको आधी कुत्र्यांकडे बघत होती, मग गुडघ्यांकडे, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. तिला विजार वर करून बघायची गरज उरली नव्हती. हेडक्लार्क बाईंना खोटा कागद लांबून ओळखू यायचा.

"अहो," ती म्हणाली. "काय केलंत हे?"

टेबलावर आठ पुड्या आल्या, ओल्या, गुडघ्याच्या आकाराच्या. शाई पसरली होती तरी 'सकाळ' आणि 'संध्या' वाचता येत होतं. कंपाउंडरांच्या तोंडून आता मघाशी न निघालेलं सगळं एकदम निघू लागलं. "माझ्या आहेत हो या. हिला काहीच माहीत नाही. शपथेवर सांगतो. मी लपवल्या, मला करा काय करायचं ते, मला परत पाठवा."

"पुड्या कुणाच्या, हे मी विचारतच नाहीये," तपासनीस म्हणाली. तिलाही ते आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "सही कुणाची आहे?"

"तुम्ही कशावरही सही केलेली नाही. तुमचे कागद स्वच्छ आहेत, तुम्ही जाऊ शकता. सही यांची, परवाना यांचा. तो रद्द. खोटं लिहून देणाऱ्याला सहा महिने प्रवेश नाही. कुत्री इथे शेडमध्ये तीस दिवस राहतील, नाहीतर यांच्याबरोबर परत जातील."

"शेड नको," बायको लगेच म्हणाली. "मी परत नेते."

"अगं, पण लेक..." कंपाउंडर म्हणाले.

"लेकीपाशी तुम्ही जा."

"मी? मी जाऊन काय करू? मला साधं पाणी तापवता..."

"गाडी तुम्हाला चालवता येत नाही, कुत्री एकट्याने सांभाळता येत नाहीत, आणि सही माझी आहे. दुसरा काही मार्ग असला तर सांगा." तिने वाट पाहिली. खरंच पाहिली. मग म्हणाली, "जावयांना फोन लावा. पलीकडून येऊन घेऊन जातील. तिला एकदम सांगू नका, आधी बसवा."

तिने पिशवीतून लेकीसाठी शिवलेली दुपटी काढून नवऱ्याच्या हातात दिली. ती भांडली असती तर कंपाउंडरांना बरं वाटलं असतं. परत जाणाऱ्याचा माल परत मिळतो, म्हणून तपासनीसने पुड्या डब्यात भरून दिल्या, सोडलेलीसुद्धा पुन्हा बांधून. बायकोने त्या मोजून घेतल्या आणि पोचपावतीवर सही करायला पेन उचललं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. तिने तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, मग तिसऱ्यांदा वाचला. शिपाई ताटकळत उभा होता. तिचं पेन असं अडलेलं कंपाउंडरांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

लेक बाळंत झाली ती अकराव्या दिवशी, सतरा तासांनी. अडली होती. कंपाउंडर दवाखान्याच्या बाकावर फोन धरून बसले होते. फोनच्या दुसऱ्या टोकाला बायको होती आणि आत लेक 'आई' म्हणून ओरडत होती. ते ओरडणं त्यांना फोनवरून पलीकडे पोचवावं लागलं, कारण बायको म्हणाली, ऐकू द्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तेव्हा ज्याला जे भरावं लागलं ते असं. म्हातारीची एकही वेळ चुकली नाही आणि तिला काही झालं नाही. हावऱ्याला दोन किलो वजन चढलं. तपासनीसला वर एक अहवाल लिहावा लागला. कंपाउंडरांना तळमजल्यावरची खोली मिळाली, खालच्या मजल्यावरच्या बाईपासून सुटका मिळाली, आणि नातही पहिल्यांदा त्यांच्याच हातात दिली गेली; त्यांच्या पदरचं काहीच गेलं नाही. आईविना सतरा तास लेकीने भरले. बाकीचं सगळं बायकोने भरलं, आणि अजून भरतेय. संध्याकाळी ती एकटी तीन जिने चढते, पुडी सोडते, आणि नात कुशीवर वळायला लागली का, ते फोनवर लेकीला विचारते. कंपाउंडरांना ती काही विचारत नाही.